बर्फावरच्या मुलींचं प्रगतिपत्रक

देशाच्या आईस हॉकी संघातल्या गोलरक्षक मुलीला मी दहापैकी तीन गुण दिले आणि चौथ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. मुलगी कॉलेजात शिकते. सराव शिबिर आणि स्पर्धा यांच्यात तिची हजेरी कमी भरली होती. ती माफ व्हायची तर स्पर्धेतली तिची कामगिरी कशी होती हे कुणीतरी लिहिलेला कागद गुरुवारपर्यंत कॉलेजात पोचायला हवा होता. नाहीतर परीक्षा नाही, वर्ष गेलं. तिच्या खेळाबद्दल अख्ख्या भारतात तोवर एकच कागद लिहिला गेला होता. तो मी लिहिलेला होता.

देशाच्या संघाला गुण देणारी बाई म्हणजे कुणीतरी मोठी असेल, असा समज होण्याआधी सांगते. मी फुलंब्री तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवते आणि शहरात पुंडलिकनगरला राहते. शिकले कन्नड तालुक्याच्या गावी. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला, तेव्हा वडिलांनी तो आधी धुतलेल्या हातांनी धरला आणि मग उलटा धरला आहे हे कळल्यावर सुलटा केला. बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो रसवंतीवर, भुशात गुंडाळलेला. त्याच्यावर माणसं उभी राहतात, पळतात आणि एकमेकांना ढकलतात, हे मला लग्नानंतर सासऱ्यांकडून कळलं.

सासरे फौजेत ड्रायव्हर होते. घर मेंढपाळाचं, कन्नडच्या घाटापलीकडचं. मेंढरांमागून उठून ते भरतीला गेले आणि सरकारने त्यांना थेट लडाखात नेऊन ठेवलं. तिथं हिवाळ्यात तळं गोठलं की जवान आणि गावची पोरं त्याच्यावर हॉकी खेळायची. त्यांच्या ट्रकवरचा जोडीदार तिथलाच होता. तो म्हणे बुटाला पातं बांधून असा पळायचा, की सासऱ्यांना वाटायचं, हा माणूस मेंढरांमागं असता तर एकही मेंढरू हरवलं नसतं. सासरे स्वतः त्या तळ्यावर एकदाच उतरले. त्यानंतर त्यांचा उजवा खांदा थंडीत दुखतो. आमच्याकडे थंडी पंधरा दिवस असते, त्यामुळे ते पंधरा दिवस आम्हाला सगळी गोष्ट पुन्हा ऐकावी लागते.

तर यंदाच्या मे महिन्यात फौजेतल्या जुन्या जोडीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सासऱ्यांना एक लिंक आली. आशियातल्या देशांची मुलींची स्पर्धा, आपला संघ खेळतोय, आणि ‘मेरी बेटी भी टीम में है, देखना’ असा त्या लडाखी जोडीदाराचा निरोप. सासऱ्यांनी लिंक उघडली, ती आमच्या गच्चीवर.

गच्चीवर, कारण कुरडयांचा हंगाम होता. पहाटे उठून चीक शिजवायचा, ऊन तापायच्या आत सोऱ्यातून कुरडया घालायच्या आणि मग त्या वाळेपर्यंत कावळ्या-चिमण्यांपासून राखायच्या. चीक आणि सोऱ्या सासूबाईंकडे, राखण सासऱ्यांकडे, आणि उन्हाळ्याची सुट्टी असल्यामुळे उरलेलं सगळं माझ्याकडे. जिन्याच्या डोक्यावर जी हातभर सावली पडते तिथं बसून, पारा बेचाळीसच्या पुढं गेलेला असताना, आम्ही दोघं बर्फावरचा खेळ पाहायचो.

सासूबाईंना तो खेळ पाहवेना. आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं.

“एवढं पानी गोठवलं?” त्या म्हणाल्या. “खेळायला?”

“खेळून झालं की ते पुन्हा पाणीच होतं, आई.”

“मंग द्या म्हनावं इकडं. आख्खी गल्ली दोन म्हैनं न्हाईल.”

खेळ कळायला मला अर्धा सामना लागला. चेंडू नसतो, रबराची काळी चकती असते, आणि फोनच्या पडद्यावर ती दिसत नाही. ती कुठं आहे हे मुली कुठं धावतात त्यावरून ताडायचं. एका बाजूला सहा जणी, पण खेळ चालू असतानाच त्या बदलतात. चार आत उड्या मारतात, चार बाहेर. “ड्युटी बदलली,” सासरे म्हणायचे. कुणी दांडगाई केली की तिला दोन मिनिटं काचेच्या खोक्यात बसवतात. ही पद्धत मला फारच आवडली. आमच्या शाळेत असं खोकं बांधून मिळावं असा ठराव मी शाळा व्यवस्थापन समितीपुढं मांडणार आहे.

आता गुणांविषयी. आमच्या शाळेत कुणाला नापास करता येत नाही. एवढंच नाही, कुणाबद्दल वाईट लिहितासुद्धा येत नाही. प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची आणि ती चांगली करायची, असा दंडक आहे. त्यासाठी बाजारात नोंदींची तयार पुस्तकं मिळतात. वर्गात तिघांची डोकी फोडणाऱ्या पोराला ‘नेतृत्वगुण दिसून येतात’. जो येतच नाही तो ‘घरच्या कामात मदत करतो’. ज्याला काहीच येत नाही, पण जो त्रासही देत नाही, तो ‘शांत व समाधानी’. एप्रिलअखेर मी अशा नोंदी लिहून हात मोडून घेतला होता, आणि इतक्या वर्षांची नापास करायची हौस मनात साठून होती. नोंदवहीत मागची चार पानं कोरी होती. ती हौस मी देशाच्या संघावर भागवली.

मुलींची नावं पडद्यावर इतक्या बारीक अक्षरात यायची, की आम्ही नंबरच धरून चाललो. माझ्या नोंदी अशा होत्या:

कर्णधार: सूचना उत्तम करते. सूचना कुणी ऐकत नाही. मुख्याध्यापक होण्याची पात्रता. सहा.

सतरा नंबर: दोन-दोन मिनिटं खोक्यात बसण्याची विशेष आवड. छंद जोपासावा. चार.

चार नंबर, बचाव: वारंवार पडते. समोरची मारायला लागली की ही हमखास जमिनीवर. तोल सांभाळण्याचा सराव हवा. साडेतीन.

नऊ नंबर: गती अप्रतिम. संघात खेळ येणारी ही एकटी. नऊ.

“नऊ नाय, साडेनऊ,” सासरे म्हणाले. त्यांचा ठाम विश्वास होता, की नऊ नंबर हीच त्यांच्या दोस्ताची पोरगी. “बघ ना, बापासारखी पळती. तोच ठसका!” हेल्मेटच्या जाळीमागं कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. सासऱ्यांना ठसका दिसत होता. मी अर्धा वाढवला.

आणि तीस नंबर, गोलरक्षक: गोल होतो तेव्हा जागेवर उपस्थित असते. उपस्थितीचा परिणाम दिसत नाही. तीन, तेही हजेरीचे.

हे शेवटचं वाक्य लिहून मी स्वतःवर इतकी खूश झाले, की सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तेही हसले. खरं सांगायचं तर पहिला सामना मी निम्मा पाहिला होता. दुसरा आणि तिसरा कुरडयांत गेला. त्यांचे मी फक्त गोलांचे तुकडे पाहिले, तीन-तीन मिनिटांचे, चीक घोटता घोटता. दुसऱ्यात सात गोल झाले होते. गोलांचे तुकडे पाहिले की गोलरक्षक प्रत्येक तुकड्यात हरते. यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. मुलांनी न वाचता उत्तर लिहिलं तर मी त्यांना उभं करते. मी न पाहता गुण दिले आणि बसून चहा घेतला.

सासऱ्यांनी कौतुकानं त्या पानांचे फोटो काढले आणि जोडीदारांच्या ग्रुपवर टाकले. वर लिहिलं, ‘हमारी बहू टीचर है.’

फोन रविवारी सकाळी आला. सासऱ्यांनी तो गच्चीवर स्पीकरवर घेतला, कारण त्यांना त्यांचे सगळे फोन घराला ऐकवायचे असतात.

“जुले, उस्ताद!” जुले म्हणजे तिकडचा नमस्कार.

“जुले, जुले! अरे, तेरी लडकी क्या भागती है! नौ नंबर! मैं बोला बहू को, बाप पे गई है.”

तिकडून तो माणूस म्हणाला, “नौ नंबर नहीं, उस्ताद. तीस. वो गोल में खडी रहती है.”

सासूबाईंचा सोऱ्या हवेत थांबला. चीक खाली एका जागी ओघळत राहिला आणि त्याची कुरडई न होता नुसता गोळा झाला. मी नोंदवहीकडं पाहिलं नाही. ती तिथंच, कावळे हाकायच्या काठीखाली पडली होती.

ते गृहस्थ रागावले असते तर सोपं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. कॉलेज उत्तरेतल्या एका मोठ्या शहरात. मुलगी वसतिगृहात. संघाकडून पत्र मिळालं होतं, पण त्यात ती गेली होती एवढंच होतं. कॉलेज म्हणतं, गेली ते कळलं, केलं काय? पेपरात तीन ओळी आल्या, त्यात नुसते गोल होते, नाव कुणाचंच नव्हतं. प्रशिक्षक वर डोंगरात गावी गेले, तिथं फोन लागत नाही.

“मैडम जी,” ते म्हणाले, “आपने लिखा है. और किसी ने कुछ लिखा ही नहीं. आप बस नीचे साइन कर दीजिए, और टीचर हैं तो वो भी लिख दीजिए.”

“पण मी... मैंने तो तीन लिखा है,” मी म्हणाले.

“तीन ही सही, मैडम. लिखा तो है.”

मी इतकी वर्षं शाळेत आहे. साहेबांनी झापलंय, पालकांनी झापलंय. एका आजीबाईंनी तर चप्पल दाखवलीय. पण ‘लिखा तो है’ जेवढं लागलं, तेवढं मला काहीच लागलं नाही.

फोन बंद झाल्यावर घराची बैठक बसली, म्हणजे सासूबाईंनी सोऱ्या खाली ठेवला.

“त्यात काय एवढं? तीन खोड, दहा लिही,” त्या म्हणाल्या.

“खोटं?” सासरे म्हणाले.

“अन् तुमी हसला तवा ते खरं व्हतं का? पोरीची परीक्षा चाल्ली. लिही गं तू, लई भारी खेळती म्हनून.”

“म्या हसलो खरा,” सासरे मान खाली घालून म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य यापूर्वी कुणी ऐकलेलं नव्हतं.

दहा लिहिणं मला अवघड नव्हतं. नोंदींचं पुस्तक खाली कपाटात होतंच. ‘खेळात विशेष प्रावीण्य’, ‘जिद्द व चिकाटी दिसून येते’, पान बावीस. दोन मिनिटांचं काम. पण मला एक गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर ते पुस्तक उघडवेना.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझीसुद्धा हजेरी कमी भरली होती. कारण साधं होतं. कांद्याची लागवड चालू होती आणि लागवडीला हात लागतात. यादीत माझं नाव लागलं तेव्हा मी मराठीच्या सरांकडे गेले आणि म्हणाले, “सर, आजारी होते असं लिहून द्या ना.” माझ्या तळव्यांवर अजून चिखलाच्या रेघा होत्या. सरांनी माझे हात पाहिले आणि लिहिलं, ‘ही विद्यार्थिनी अनुपस्थित होती तेव्हा शेतात मजुरीवर होती. उपस्थित होती तेव्हा पहिल्या बाकावर होती व तिने प्रश्न विचारले.’ एवढंच. मला राग आला होता. मजुरी हा शब्द प्राचार्यांपुढं जावा असं मला वाटत नव्हतं. पण प्राचार्यांनी ते वाचलं, मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि सही केली. आज जी काही आहे ती त्या दोन ओळींवर उभी आहे असं म्हटलं तर सर हसतील. आता ते नाहीत, म्हणून म्हणते.

त्या माणसानं मला पाहिलं होतं, मग लिहिलं होतं. मी काय केलं होतं?

“आबा,” मी म्हणाले, “सात गोल झाले हे तर खरंय. त्याचं काय करू?”

सासऱ्यांनी कावळ्यांची काठी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाले, “आमच्या वाड्यावर एक कुत्रं व्हतं. एका राती चार मेंढरं गेली. माझा चुलता त्याला मारायला उठला. बाप म्हनला, थांब. सकाळी माग काढू. सकाळी माग काढला, तर लांडगं किती आल्ते? मोजता येईनात एवढं. समद्या बाजूनं. ते एकटं व्हतं.” त्यांनी कावळ्याला काठी दाखवली. “चारच गेली कशी, हे इचारायला पायजे व्हतं.”

“देशाच्या पोरीला कुत्रं म्हनता?” सासूबाई म्हणाल्या.

“कुत्र्याची किंमत तुला नाय कळायची. तू गावातली.”

मी फोन घेतला. स्पर्धेचे पूर्ण सामने त्याच लिंकवर ठेवलेले होते. तीन सामने, प्रत्येकी दीड-पावणेदोन तास, जे मी आधीच पाहायला हवे होते. नोंदवहीचं नवं पान काढलं, आणि आमच्या शाळेत पहिलीला शिकवतो तसे गठ्ठे घालायला बसले. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. चकती गोलाकडं आली की रेघ.

हा उद्योग दोन दिवस चालला. चकती दिसत नसल्यामुळे पाच-पाच वेळा मागं जावं लागलं. पण आता मी चकतीकडं पाहतच नव्हते, मी तिच्याकडं पाहत होते. हळूहळू कळायला लागलं, की चकती कुठं आहे हे तिच्या गुडघ्यांवरून कळतं. ती डावीकडं सरकली की चकती डावीकडं. ती खाली बसली की मार येतोय. हे मला तीन सामने पाहून कळलं. मारणाऱ्या मुलींना बहुधा आधीच माहीत असावं.

सात गोलांच्या सामन्यात पहिल्या भागातच पान निम्मं भरलं. तिसऱ्या भागात मला पान उलटावं लागलं. सासरे शेजारी बसून नुसते “आलं... आलं... गेलं” म्हणत होते. तोंडावर मार, छातीवर मार, मांडीवरच्या गादीवर मार. प्रत्येक गोलानंतर ती जाळीवरची बाटली घेऊन पाण्याचा एक घोट घ्यायची आणि मग काठीनं दोन्ही खांब ठोकायची, आधी डावा, मग उजवा. सातव्या गोलानंतरही तिनं खांब ठोकले, तेवढ्याच जोरानं.

आणि एकदा पूर्ण पाहायला लागल्यावर माझं सगळं प्रगतिपत्रक कोसळलं. चार नंबर, जिला मी तोल सांभाळायचा सराव सांगितला होता, ती पडत नव्हती. ती आडवी होत होती. समोरची मारणार हे दिसलं, की ती बर्फावर झोकून देऊन चकती अंगावर घ्यायची. दुसऱ्या सामन्यात एक मार तिच्या बरगडीत बसला आणि ती बाकावर जाऊन वाकून बसली, आणि पुढच्या ड्युटीला परत आली. साडेतीन गुण! मी बाई कोण होते?

सतरा नंबर खोक्यात जायची, कारण तिसऱ्या गोलानंतर समोरच्या एकीनं तीस नंबरला मुद्दाम काठीनं टोचलं होतं आणि सतरा नंबरला ते आवडलं नव्हतं. छंद जोपासावा असं मी लिहिलं होतं. तिनं जोपासला होता.

नऊ नंबरविषयी सांगायला जड जातं. वेग खरा होता. पण तो एकाच दिशेचा होता. चकती गेली की ती परत यायची नाही. मधल्या रेषेवर उभी राहून हवा खायची, आणि मागं चार जणी पाच जणींना अडवत असायच्या.

“ही येती का नाय माघारी?” सासरे पहिल्यांदा म्हणाले. मग तिसऱ्यांदा म्हणाले. शेवटी नोंदवही माझ्यापुढं सरकवून म्हणाले, “तो अर्धा काढ.”

“अर्धाच?”

“मंग काय ते तू बघ. तू मास्तरीण.”

गठ्ठे मोजले. सात गोल झाले त्या सामन्यात तिनं अडवलेल्या चकत्यांचे गठ्ठेच सात भरले, वर काही सुट्या रेघा. म्हणजे एक चकती आत गेली तर पाच बाहेर राहिल्या होत्या. पण पाहताना आणखी एक गोष्ट दिसली होती. दोन गोल तिच्या चुकीनं झाले होते. एक दोन्ही पायांमधून गेला, साधा, सरळ. दुसऱ्या वेळी ती फार पुढं आली आणि मागं जागा मोकळी राहिली.

“ते नको लिहू,” सासूबाई म्हणाल्या. त्या आता सोऱ्या सोडून आमच्यात येऊन बसल्या होत्या आणि त्यांना खोकं, खांब, ड्युटी सगळं कळायला लागलं होतं. “वकील आपल्या मान्साचं वाईट सांगतो व्हय?”

“मी वकील नाही, आई.”

“मंग कोन हायेस?”

मी म्हणाले, “पाहणारी.”

बुधवारी सकाळी पत्र लिहिलं. शाळेचा शिक्का वापरायचा प्रश्न नव्हता. शाळेचा शिक्का दाखल्यांसाठी आहे आणि तो मुख्याध्यापकांच्या कुलपात असतो. साध्या रेघांच्या कागदावर, हिंदीत. मी हिंदी शिकले ती कन्नडच्या शाळेत, त्यामुळे ती अशी ताठ आहे, की तिला इस्त्री लागत नाही. लिहिलं, की मी एक प्राथमिक शिक्षिका आणि प्रेक्षक आहे, या खेळातली जाणकार नाही. आधी अपुरं पाहून या विद्यार्थिनीला मी तीन गुण दिले होते, ती चूक माझी होती. नंतर तिन्ही सामने पूर्ण पाहिले. तिच्यावर किती मार आले, तिनं किती अडवले, हे गठ्ठ्यांसह सोबत जोडलं आहे. सात गोलांपैकी दोन तिच्या चुकीनं झाले, ते कोणते आणि कोणत्या मिनिटाला, हेही. उरलेल्या पाच गोलांच्या वेळी तिच्यासमोर दोन किंवा तीन जणी मोकळ्या होत्या. सातव्या गोलानंतर तिचा खेळ पहिल्या गोलाआधी होता तसाच होता. गुण मी लिहिले नाहीत.

सासऱ्यांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली, हुद्द्यासकट. आईस हॉकीच्या कागदावर साक्षीदार लागत नाही असं मी म्हणाले. ते म्हणाले, “लागत नाय, पन शोभतो.” फोटो काढून तिच्या वडिलांना पाठवला आणि मूळ कागद स्पीड पोस्टानं. तो गुरुवारपर्यंत पोचणार नव्हता, हे मला आणि पोस्टातल्या माणसाला दोघांनाही माहीत होतं, पण दोघंही सरकारी, म्हणून काही बोललो नाही.

गुरुवारी आमच्या गच्चीवर कावळ्यांची चंगळ झाली. राखणदाराचं लक्ष फोनवर होतं. दुपारी सासूबाईच म्हणाल्या, “लावा की तुमीच. बघता काय नुसते?” सासऱ्यांनी लावला नाही. फौजेत म्हणे वरून फोन येईपर्यंत थांबायचं असतं.

चार वाजता प्रवेशपत्राचा फोटो आला. परीक्षेचं. खाली कॉलेजचा शिक्का.

आणि पाठोपाठ एक आवाजी निरोप आला, त्या मुलीचाच. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. तिनं आधी आभार मानले. मग सांगितलं, की फोटोवरून छापून नेलेला कागद कॉलेजातल्या बाबूनं वाचला नाही. त्यानं पानं मोजली, दोन आहेत म्हणाला, अर्जाला टाचली आणि वर पाठवली. साहेबांनी टाचणी पाहिली आणि सही केली. म्हणजे दोन दिवसांचे गठ्ठे, तिन्ही सामने, माझी ताठ हिंदी आणि सासऱ्यांचा हुद्दा, या सगळ्यातलं उपयोगी पडलं ते वजन. मी रागावणार होते. पण मी दरवर्षी पस्तीस मुलांच्या नोंदी केंद्रप्रमुखांकडे देते, तेही पानंच मोजतात. तेव्हा मला रागवायचा हक्क नव्हता.

“पर मैडम, मैंने पढा,” ती पुढं म्हणाली. “पूरा. पैर के बीच वाला मेरी गलती, मान लिया. लेकिन दूसरा मेरा नहीं है. मैं आगे इसलिए आई क्योंकि चार नंबर ने आवाज दी थी, ‘निकल, निकल’. वीडियो में आवाज नहीं है, पर उसका हाथ देखिए. प्लीज देखिए.”

सासऱ्यांनी तो निरोप तीनदा ऐकला आणि म्हणाले, “भांडती. चांगलंय.”

मी ते मिनिट काढलं. सहा वेळा पाहिलं. सातव्या वेळी दिसलं. कोपऱ्यात, पडद्याच्या अगदी कडेला, बर्फावर आडव्या झालेल्या चार नंबरचा एक हात उचललेला होता आणि ती पुढं ये, पुढं ये अशी खूण करत होती.

माझ्याकडं पत्राची प्रत होती. आमच्याकडं दप्तरात खाडाखोड करायची तर व्हाइटनर चालत नाही. चुकलेलं एका रेघेनं खोडायचं, दुरुस्ती वर लिहायची आणि शेजारी छोटी सही करायची, म्हणजे कुणी खोडलं ते कायम दिसतं. मी ‘दो गोल’ मधला ‘दो’ एका रेघेनं खोडला, वर ‘एक’ लिहिलं आणि शेजारी सही केली. चार नंबरची नोंदही पुन्हा लिहिली, तिला कधीच कळणार नव्हतं तरी. मुलीला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तुम सही थी. अब फोन रखो और पढाई करो.’

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. सोमवारी तिचा पहिला पेपर होता.